भार उतरला तरी ताण उरतो

'स्ट्रेस' हा शब्द आपल्या कॉलेजात दोन ठिकाणी ऐकू येतो. एक एसओएमच्या लेक्चरला आणि दुसरा सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये. पहिल्याला एकक असतं, फॉर्म्युला असतो, पेपरात त्यावर हमखास प्रश्न असतो. दुसऱ्यावर चहा आणि "टेक लाइट यार" एवढाच उपाय आपल्याला माहीत आहे. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तेवढा पुरतोही! पेपर संपला की तो स्ट्रेस संपतो.

पण मित्रांनो, ताणाचा तिसरा प्रकारही असतो. भार काढून घेतला तरी आत राहून जाणारा. मेकॅनिकलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. वेल्डिंग केलेला जॉब थंड झाला की बाहेरून अगदी ठीकठाक दिसतो. आत मात्र रेसिड्युअल स्ट्रेस बसलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. मग एक दिवस त्याच जॉबवर साधं मशिनिंग करायला घ्यावं आणि तो वाकडा व्हावा. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा कटने वाकला म्हणजे मटेरियलच कच्चं होतं. मटेरियल कच्चं नव्हतं. आधी काय सोसलंय ते कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

माणसाच्या बाबतीत या उरलेल्या ताणाला डॉक्टर लोक 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' म्हणतात. थोडक्यात पीटीएसडी. मराठीत आघातोत्तर ताण विकार. नाव अवघड आहे, पण गोष्ट समजायला अवघड नाही. अपघात, भूकंप, पूर, दरड, मारहाण, लैंगिक अत्याचार, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू... असं काही माणसावर गुदरतं. प्रसंग संपतो, पण मेंदूला तो संपल्याचं पटत नाही. उदबत्तीच्या धुरालाही स्मोक डिटेक्टर वाजत राहावा, तसा आतला धोक्याचा भोंगा क्षुल्लक कारणाने वाजत राहतो. घटनेनंतरचे काही दिवस झोप न येणं, दचकणं हे कुणालाही होतं. तो आजार नव्हे. पण महिना उलटून गेला तरी त्रास कमी होत नाही आणि रोजचं जगणं अडायला लागतं, तेव्हा डॉक्टर पीटीएसडीचा विचार करतात. कधी कधी तर त्रास पूर्णपणे दिसायला सहा महिन्यांहून अधिक काळ जातो. म्हणजे सुट्टीत झालेल्या अपघाताचं दुखणं पुढच्या सेमिस्टरला उगवू शकतं.

पुस्तकात याच्या लक्षणांचे चार गट दिलेले असतात. ते आपल्या होस्टेलवर कसे दिसतात ते सांगतो. पहिला, प्रसंग पुन्हा पुन्हा अंगावर येणं : रात्री तीनला किंचाळत उठणारा रूम पार्टनर. दुसरा, टाळणं : एखाद्या रस्त्याने, एखाद्या गाडीने, एखाद्या लॅबला न जाणं. तिसरा, मन आणि विचार काळवंडणं : "माझ्यामुळेच झालं" हे घोकत राहणं, गॅदरिंगला नाही, क्रिकेटला नाही, मेसमध्ये एकटाच कोपऱ्यात. आणि चौथा, सतत सावध असणं : दार आपटलं की उडणं, एकाग्रता न होणं, बारीकसारीक गोष्टीवरून भडकणं. आता जरा आठवून बघा. या चारही गोष्टींना आपल्याकडे आधीच नावं दिलेली आहेत. नाटकी. बंकर. माणूसघाणा. सटकू!

आजाराला चुकीचं नाव दिलं की काय होतं, याचं इतिहासातलं एक उदाहरण मला विसरता येत नाही. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याखाली राहिलेले सैनिक थरथरायला लागले, बोलेनासे झाले, तेव्हा चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द वापरून त्यावर लिहिलं. म्हणजे निदान नाव तरी मिळालं होतं. तरीही हॅरी फार नावाचा एक ब्रिटिश सैनिक, जो शेल शॉकसाठी दवाखान्यात राहून आला होता, पुन्हा आघाडीवर जायला नकार देतो म्हणून भित्रा ठरला. १८ ऑक्टोबर १९१६ च्या पहाटे त्याच्याच सैन्याने त्याला गोळ्या घातल्या. वय वर्षे २५. त्या युद्धात भित्रेपणा, पळून जाणं अशा आरोपांखाली मारल्या गेलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने माफी दिली ती २००६ साली. नव्वद वर्षांनी! आज जे नाव आपण वापरतो ते पीटीएसडी हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या अधिकृत सूचीत आलं तेच मुळी १९८० साली. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांची अवस्था बघितल्यावर.

युद्ध आपल्यापासून लांब आहे म्हणाल, तर रस्ता लांब नाही. २०२२ या एका वर्षात भारतात ४ लाख ६१ हजारांहून जास्त रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. ही सरकारी आकडेवारी आहे. गेलेल्यांची मोजदाद होते. शेजारच्या सीटवर बसलेला आणि वाचलेला जो असतो, तो 'किरकोळ जखमी' या रकान्यात जातो आणि आठ दिवसांनी कॉलेजला येतो.

आमच्या विंगमधला एक जण असाच आला. त्याला विचारून, त्याला हा मजकूर वाचायला देऊनच लिहितोय. नाव आणि वर्ष लिहीत नाही. सुट्टीत लग्नाहून परतताना रात्री त्यांच्या जीपला अपघात झाला. चुलतभाऊ जागच्या जागी गेला. हा आत अडकून होता आणि सांडलेल्या डिझेलचा वास येत होता. हाताचं प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. प्लास्टर होतं तोवर सगळे विचारत होते, दप्तर उचलत होते, जर्नल लिहून देत होते. प्लास्टर निघालं आणि विचारणंही संपलं. आणि नेमका त्याच सेमिस्टरला आयसी इंजिन लॅब!

टेस्ट रिग चालू झाली, डिझेलचा वास आला की हा दारातच थांबायचा. अंगाला दरदरून घाम, हातपाय गार. दोन वेळा मागे फिरला, तिसऱ्यांदा गेलाच नाही. मग डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं. विचारायला गेला तर चारचौघांत ऐकावं लागलं, "इंजिनला घाबरणारा मेकॅनिकल इंजिनिअर कुठं असतो का?" सगळे हसले. त्यावर हा काय बोलणार? "मला वास सहन होत नाही" हे कारण अर्जात लिहायला कुठला रकाना आहे? टर्म ग्रँट झाली नाही. त्याचं एक वर्ष गेलं. घरी त्याने अजूनही 'विषय अवघड होता' एवढंच सांगितलंय.

या सगळ्यात एका माणसाने काय केलं ते मात्र आवर्जून लिहायला हवं. लॅबमधले मामा. त्यांनी कधी पीटीएसडी हा शब्द ऐकला असेल असं वाटत नाही. पण पोरगं दारातून परत जातंय हे त्यांनी बघितलं होतं. पुढच्या वर्षी हा पुन्हा त्या लॅबला आला तेव्हा त्यांनी शटर पूर्ण वर केलं, याला खिडकीजवळ उभं केलं आणि म्हणाले, "मी चालू करायच्या आधी सांगत जाईन. नको वाटलं तर बाहेर जा, पाणी पी, परत ये. कुणी काही म्हणणार नाही." बस्स. कसलंही भाषण नाही. 'काय झालं होतं?' म्हणून चौकशी नाही.

तोवर याचे उपचारही सुरू झाले होते. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीत. तिथं त्यांनी त्याला त्या प्रसंगाकडे थोडं थोडं, सुरक्षित जागी, स्वतःच्या वेगाने परत जायला शिकवलं. मला तर ऐकताना आपलं स्ट्रेस रिलिव्हिंगच आठवलं. जॉब भट्टीत हळूहळू तापवायचा, ठराविक तापमानाला काही काळ ठेवायचा, हळूहळूच थंड करायचा. घाई केली की नवा ताण तयार होतो. अर्थात माणूस म्हणजे जॉब नव्हे, आणि हे काम रूम पार्टनरने करायचं नाही, शिकलेल्या माणसाने करायचं. पण 'हळूहळू' आणि 'ठराविक' हे दोन शब्द दोन्हीकडे खरे आहेत. यावर्षी त्याचे सगळे प्रॅक्टिकल्स झाले. डिझेलचा वास अजून आवडत नाही म्हणतो. पण आवडायलाच हवा असं कुणी सांगितलंय?

आपण इंजिनिअर लोक पडलेल्या गोष्टी उभ्या करण्यात हुशार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपलेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते सगळं अंगावर आलं. जवळपास आठ हजार माणसं गेली. काही नोंदींत हा आकडा दहा हजारांच्या घरात आहे. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. भूकंपात तडे गेलेल्या इमारतींची दुरुस्ती आणि बळकटीकरण कसं करावं यासाठी आयएस १३९३५ हे भारतीय मानक १९९३ सालीच निघालं. सिव्हिलवाल्यांना ते माहीत असेल. भिंतीला पडलेल्या तड्यासाठी मानक आहे, आणि ते हवंच.

माझी आजी त्याच भागातली. नवं घर मिळालं, सगळं झालं. पण आजतागायत ती स्लॅबखाली झोपत नाही. अंगणात पत्र्याचं शेड आहे, तिथं तिची बाज. थंडी असो, पाऊस असो. रस्त्यावरून जड ट्रक गेला की बोलता बोलता थांबते आणि भिंतीला हात लावून बघते. गावात तिच्या वयाच्या कितीतरी बायका अशाच. याला कुणी आजार म्हटलं नाही आणि तिला कुणी कधी डॉक्टरकडे नेलं नाही. मीही इथं बसून तिचं निदान करणार नाही. तो माझा अधिकार नाही. पण घर कुठल्या झोनमध्ये आहे, पाया किती खोल आहे हे विचारायला माणसं आली होती, आणि "आजी, झोप लागते का?" हे विचारायला कुणी आलं नव्हतं, एवढं मला माहीत आहे.

माणसांसाठीही असे संकेत आता आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका काढली. तिचं सार तीन शब्दांत आहे : बघा, ऐका, जोडून द्या. कुणाला मदतीची गरज आहे ते बघा. त्याला बोलायचं असेल तर ऐका, पण बोलतं करण्यासाठी मागे लागू नका. आणि पुढची मदत जिथं मिळेल तिथं त्याला जोडून द्या. लॅबच्या मामांनी यातल्या पहिल्या दोन गोष्टी न वाचताच केल्या होत्या.

आता माझा मुद्दा. आपल्याकडे आधार द्यायच्या दोनच पद्धती चालतात. एक म्हणजे "विसरून जा, मर्द बन." दुसरी म्हणजे "सांग ना यार, नेमकं काय झालं, मोकळा हो." पहिलीत त्याने गप्प बसायचं, दुसरीत त्याने आपल्या समाधानासाठी सगळं पुन्हा भोगायचं. दोन्हींत हुकूम आपलाच! माझ्या मते खरा आधार तिसरा आहे. त्याचा रोजचा दिवस अंदाज बांधता येईल असा करून देणं, आणि बोलायचं की नाही हे त्याच्यावर सोडणं. ज्याच्यावर एकदा अचानक आभाळ कोसळलं, त्याला पुन्हा काही अचानक नको असतं.

हे होस्टेलवर अजिबात अवघड नाही. रात्री बाराला दार बडवून, पोत्यात घालून वाढदिवस साजरा करायची आपली प्रथा आहे ना, ती करण्याआधी त्याला चालेल का विचारा. प्लेसमेंटच्या आनंदात कॉरिडॉरमध्ये सुतळी बॉम्ब लावणं तर सगळ्यांसाठीच बंद करा. झोपेत ओरडणाऱ्याला गदागदा हलवू नका. दिवा लावा, लांबूनच नावाने हाक मारा, "तू रूमवर आहेस, मी आहे" एवढं सांगा. त्याच्या आवाजाची क्लिप काढून ग्रुपवर टाकणारा हरामखोर असतो, विनोदी नसतो. झोपेसाठी कुणाच्या तरी गोळ्या किंवा 'थोडीशी घे, झोप येईल' हा सल्ला देऊ नका. दारूने त्रास झाकला जातो आणि वाढतो. आणि "माझ्याही मामाचा ॲक्सिडेंट झाला होता, त्याला तर काही झालं नाही" हे वाक्य कृपा करून बोलू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगातले सुमारे ७० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी असा भीषण प्रसंग अनुभवतात, आणि त्यांतल्या साधारण ५.६ टक्क्यांना पीटीएसडी होतो. म्हणजे तुमच्या मामाला काही झालं नाही हेही खरं, आणि याला झालं हेही खरं. त्यात हिमतीचा संबंध नाही.

सर आणि मॅडम, तुमच्याकडेही मागणं आहे. तीनच गोष्टी. एक, हजेरीच्या सवलतीसाठी जो मेडिकलचा नियम आहे त्यात मानसोपचारतज्ज्ञाचं सर्टिफिकेट हाडाच्या डॉक्टरच्या सर्टिफिकेटइतकंच धरावं, आणि ते एका ठरलेल्या व्यक्तीकडे बंद पाकिटात द्यायची सोय असावी. दोन, एखाद्याला एखादं प्रॅक्टिकल जमत नसेल तर ते वेगळ्या वेळी, कमी गर्दीत करायची मुभा असावी. सूट मागत नाही, वेळ मागतोय. तीन, रेक्टर, वॉचमन आणि लॅब असिस्टंट यांना मानसिक प्रथमोपचाराचं दिवसभराचं का होईना, प्रशिक्षण द्यावं. कारण रात्री तीनला एचओडी नसतात, वॉचमन काका असतात.

यात उपकार कुणाचेच नाहीत. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात उपचार मिळण्याचा हक्क आहे आणि आजाराची माहिती गुप्त राहण्याचाही हक्क आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजारालाही यादीत घेतलं आहे, आणि शासनमान्य शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी असं तो कायदा सांगतो.

आणि शेवटी, ज्याला हा लेख वाचताना 'हे तर माझंच आहे' असं वाटलं असेल त्याच्यासाठी. मित्रा किंवा मैत्रिणी, हा आजार बरा होऊ शकतो. आघातावर नेमकं काम करणाऱ्या बोलण्याच्या उपचारपद्धती आहेत, गरज पडली तर औषधं आहेत. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत मात्र दर चार रुग्णांपैकी जेमतेम एक जण उपचारापर्यंत पोचतो. तू त्या एकामध्ये ये. एकदम ओपीडीत जायला नको वाटत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेली सेवा. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. सगळी हकीगत पहिल्याच फोनला सांगायची गरज नाही. "झोप लागत नाही" इथूनही सुरुवात होते.

बाकीच्यांनी हा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा आणि विंगच्या नोटीस बोर्डावर मेसच्या मेनूशेजारी लावा. तो मेनू रोज सगळे वाचतात. ज्याला लागेल तो कुणालाही न विचारता उतरवून घेईल.